जुन्या गाड्यांची फोटो-चुरस: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही अकरा जण आहोत आणि सगळ्यांकडे जुन्या गाड्या आहेत: पाच पद्मिनी, तीन अँबॅसडर, दोन जीप आणि एक स्टँडर्ड हेराल्ड. हिवाळ्यात दर आठवड्याला एक विषय ठरवून प्रत्येकाने आपल्या गाडीचा एक फोटो द्यायचा, अशी मैत्रीतली चुरस ठेवतो. गेल्या वर्षी तिसऱ्याच आठवड्यात रुसवेफुगवे झाले. नियम कसे असावेत? (धरमपेठ, नागपूर)

रुसवे होतात ते बहुधा विषय ढोबळ असल्यामुळे. ‘माझी लाडकी गाडी’ असा विषय दिला की ज्याच्या गाडीचा रंग ताजा तो जिंकतो, आणि ज्याने वीस वर्षं मूळ रंग जपला तो मागे पडतो. विषय असा हवा की फिकट रंगाच्या गाडीलाही तितकीच संधी मिळेल. ‘बोनेटवरचं चिन्ह आणि सकाळचं दव’, ‘फक्त चालकाच्या जागेवरून दिसणारं’, ‘ओळखा पाहू हा कोणता भाग’, ‘गाडी आणि तिच्याच वयाची वस्तू’ असे विषय घ्या. शेवटचा आम्हाला फार आवडतो. घरातलं घड्याळ, रेडिओ, पितळी बंब, आजोबांची सायकल असं काहीही चालतं आणि त्यानिमित्ताने गाडीचं खरं वय शोधावं लागतं.

नियम थोडे ठेवा. फोटो त्याच आठवड्यात काढलेला असावा. गाडी स्वतःची असावी, नाहीतर मालकाला विचारून काढलेला फोटो असावा. उजेड कमी-जास्त करणं आणि कडा कापणं चालेल, पण मागची इमारत बदलणं किंवा गंज पुसून टाकणं चालणार नाही. रविवारी रात्री नऊला मुदत संपली की प्रत्येकाने एक मत द्यायचं, स्वतःला नाही. जिंकलेल्याला बक्षीस एवढंच की पुढचा विषय तो ठरवणार. बरोबरी झाली तर जो अजून जिंकलेला नाही त्याचा नंबर. मोठे कॅमेरे आणि मोबाइल यांची वेगळी गटवारी करू नका, अकरा जणांत ती फार होते.

फोटोखाली गाडीचं नाव आणि साल लिहायचा नियम मात्र ठेवाच, आणि साल तपासून लिहा. ‘१९६६ ची पद्मिनी’ असं लिहिलेलं सर्रास दिसतं. त्या साली ती गाडी फियाट ११०० डिलाइट होती, पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं. अँबॅसडर मार्क टू १९६२ ते १९७५ मधली. पण पुढची जाळी नंतर बदललेल्या गाड्या पुष्कळ आहेत, त्यामुळे नुसत्या जाळीवरून साल ठरवू नका, आरसी (नोंदणीचं प्रमाणपत्र) बघा.

प्रश्न : मोबाइलवर माझ्या पद्मिनीचा फोटो काढला की तोंड फुगलेलं दिसतं आणि डिकी गायब होते. प्रत्यक्षात गाडी इतकी देखणी आहे! चूक कुठे होते? शिवाय बंपरमध्ये मीच दिसतो. (महाल)

चूक गाडीपासूनच्या अंतरात आहे. पद्मिनी जेमतेम चार मीटर लांब. तुम्ही बंपरपासून दीड मीटरवर उभे राहिलात तर डिकी तुमच्यापासून साडेपाच मीटरवर गेली, म्हणजे तोंडापेक्षा साडेतीन पटींहून लांब, आणि दिसणारही तितकी लहान. तेच बंपरपासून आठ मीटरवर गेलात तर डिकी बारा मीटरवर, म्हणजे फक्त दीडपट. गाडीचा घाट जागेवर येतो. मोबाइलचं नेहमीचं भिंग रुंद कोनाचं असतं, त्यामुळे आपण नकळत जवळ जातो. म्हणून आधी मागे जा, साधारण दहा पावलं, आणि मग २ एक्स किंवा ३ एक्सचं वेगळं भिंग असेल तर ते वापरा. ते नसेल तर तसाच काढून नंतर कडा कापा. जवळून काढलेल्यापेक्षा तो शंभरदा बरा.

दुसरी गोष्ट उंचीची. उभ्याने काढलेल्या फोटोत छत जास्त आणि गाडी कमी दिसते. गुडघ्यावर बसा, मोबाइल हेडलाइटच्या उंचीला आणा. जीपसाठी थोडा वर. समोरून तिरका कोन घेताना पुढचं चाक असं वळवा की कॅमेऱ्याला टायरची नक्षी न दिसता व्हील कॅप दिसेल. स्टिअरिंगचा एवढा एक फेरा, पण फोटो पालटतो. मागे झाड किंवा दिव्याचा खांब छतातून उगवल्यासारखा येत नाही ना, ते बघा आणि अर्धं पाऊल बाजूला व्हा.

बंपरमधलं प्रतिबिंब पोलरायझर फिल्टरने जात नाही. तो काचेवरची आणि रंगावरची झळाळी कमी करतो, पण क्रोम म्हणजे उघडा धातू आणि धातूवर त्याचा उपयोग होत नाही. गडद शर्ट घाला, लांब व्हा आणि बंपरच्या अगदी समोर न राहता थोडे कडेला सरका. क्रोममध्ये मोकळं आकाश आलं की ते आपोआप चकाकतं.

नागपुरात डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचच्या थोडं पुढे मावळतो. पहिला आणि शेवटचा पाऊण तास तुमचा. पांढरी गाडी कॅमेरा करडी करतो आणि काळीलाही करडीच करतो. स्क्रीनवर गाडीच्या अंगावर बोट टेकवून पांढरीला उजेड किंचित वाढवा, काळीला कमी करा. बोनेटची मधली रेघ दिसेनाशी झाली तर उजेड फार झाला. रेल्वे स्टेशनची १९२५ ची इमारत लाल दगडाची आहे. तिच्यापुढे पांढरी किंवा आकाशी गाडी खुलते, मरून गाडी हरवते.

आणि धूळ कोरड्या फडक्याने झटकू नका. ती रंगावर बारीक गोल ओरखडे पाडते आणि तिरप्या उन्हात नेमके तेच दिसतात. बोनेट गार असताना आधी पाणी ओता, मग पुसा. बोअरचं पाणी उन्हात वाळू देऊ नका, पांढरे डाग राहतात. टायर काळे दिसावेत म्हणून डिझेल लावायची पद्धत सोडा, त्याने रबर फुगतं आणि भेगाळतं.

प्रश्न : फोटोसाठी अँबॅसडर (१९७०) फुटाळा तलावावर नेतो. पंधरा-वीस मिनिटं इंजिन चालू ठेवून पुढे-मागे करत राहिलं की बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपसूक सुरू होते. कोणी पेट्रोल पंप बदला म्हणतं, कोणी कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी). (गिट्टीखदान)

काहीही बदलण्याआधी ती बंद पडलेली असतानाच तपासा, घरी नेऊन नाही. गार झाल्यावर दोन्ही दोष लपतात.

आधी ठिणगी, मग पेट्रोल. हा क्रम उलटा करू नका, कारण पेट्रोलचा पाइप उघडल्यावर ठिणगी काढणं धोक्याचं. एका प्लगची वायर काढा, जादा प्लग तिला लावून इंजिनच्या उघड्या लोखंडावर टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. वायर सुक्या जाड फडक्यात धरा. निळी, टपोरी ठिणगी आली तर इग्निशन ठीक आहे. पिवळी, बारीक आली किंवा आलीच नाही, तर पहिला संशय कॉइलवर नको, कंडेन्सरवर घ्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरवरच्या छोट्या डबीवर. गरम झाला की दगा देतो आणि गार झाला की शहाण्यासारखा वागतो, ही त्याची खोडच. पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) काळे, जळके दिसले तर बहुतेक तोच. नवा कंडेन्सर घातला की पॉइंटही पॉलिश पेपरने साफ करून फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटरवर आणा. जुना चांगला कंडेन्सर मिळाला तर डॅशच्या कप्प्यात ठेवून द्या. नवे सगळेच टिकतात असं नाही.

ठिणगी चांगली असेल तर पेट्रोलची पाइपातच वाफ होते आहे. पंप इंजिनलाच बोल्टने बसवलेला असतो. गाडी धावताना रेडिएटरमधून वारा येतो आणि नवं गार पेट्रोलही सतत येत राहतं. जागेवर उभी असताना दोन्ही थांबतं, पाइप तापतो, आत बुडबुडे धरतात आणि पंप वाफ ओढत बसतो. बोनेट उघडा. ओलं फडकं पंपाच्या वरच्या भागावर आणि पाइपावर ठेवा, पण काचेच्या वाटीवर किंवा एक्झॉस्टवर नाही, तडकतील. पंधरा मिनिटं थांबा.

कायमचा उपाय म्हणजे एक्झॉस्टजवळून जाणारा पेट्रोलचा पाइप दोन बोटं दूर वळवून बांधणं आणि पंखा, पट्टा व रेडिएटरच्या जाळीतला कचरा बघणं. सध्याच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या रबरी नळ्या आतून मऊ पडतात आणि पंपाचा पडदाही. दोन्ही इथेनॉल सोसणारे बसवा. आणि फोटोपुरतं सांगायचं तर जागा ठरली की इंजिन बंद करा. इंच-दोन इंच सरकवायला दोन माणसांचा हात पुरतो.

प्रश्न : हेराल्डचा संध्याकाळी दिवे लावून फोटो हवा आहे. (सदर)

सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी, आकाश निळं असताना काढा. काळोखात गाडी आणि आकाश एक होतात. हेडलाइट नकोत, पार्किंगचे दिवे पुरेत. डायनामो असलेल्या गाडीत आयडलवर चार्जिंग होत नाही आणि दोन हेडलाइट तासाला सात-आठ अँपिअर-अवर बॅटरी खातात. ट्रायपॉडवर एक ते दोन सेकंद द्या, सेल्फ टायमर लावा. हेराल्डचं अख्खं तोंड (बोनेट आणि मडगार्ड एकत्र) पुढे उलगडतं, तो फोटो घ्याच. दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या कड्या सोडून, पुढे मोकळी जागा बघून, सावकाश.

प्रश्न : माझ्या गाडीला व्हिंटेजची ‘व्हीए’ नंबर प्लेट आहे. दर रविवारी झिरो माइलच्या खांबाजवळ नेली तर चालेल का? आणि फुटाळ्यावर ड्रोन? (सिव्हिल लाइन्स)

२०२१ च्या नियमांनुसार व्हीए मालिकेतली गाडी प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. मित्रांच्या चुरशीसाठी दर रविवारचा फेरफटका त्यात बसत नाही. तुमचा फोटो आवारात काढा किंवा रॅलीच्या दिवशी झिरो माइलला थांबा. तिथला १९०७ चा खांब आणि घोड्यांचे पुतळे मागे घेताना गाडी पदपथावर चढवू नका. जुनं इंजिन तेल गाळतं आणि वालुकाश्म ते पितो. इंजिनखाली पुठ्ठा टाका, फोटोपुरता काढा. सर्वसाधारण नोंदणीच्या, दर पाच वर्षांनी नूतनीकरण केलेल्या गाड्यांना हे व्हीएचं बंधन नाही.

ड्रोन नको. फुटाळ्याला लागूनच वायुसेनानगर, म्हणजे हवाई दलाची वसाहत आहे. वरून गाडी हवी असेल तर ओळखीच्या घराची गच्ची गाठा, सकाळी साडेसातला, सावली लांब असताना.