ऊसपट्ट्यात मारवाडी घोडी पाळताना: आधी वैरण, मग स्टॅलियन

तुम्ही विचारलंय ते असं: कागलजवळ दोन एकर रान, त्यात ऊस, गोठ्यात चार म्हशी. आता दोन मारवाडी घोड्या घेऊन शिंगरू तयार करायचं आणि सारंगखेड्याच्या (जि. नंदुरबार) घोड्यांच्या यात्रेत उतरवायचं. तर स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचा नर घोडा, कोणत्या रक्ताचा लावावा?

स्टॅलियनचं शेवटी बघू. आपल्याकडं शिंगरं बिघडतात ती रक्तानं कमी आणि वैरणीनं जास्त. तुमच्या रानात वैरण भरपूर आहे, पण घोड्याला ती चुकीची आहे.

म्हशींना घालतो त्या हत्तीगवतात ऑक्झलेट नावाचं द्रव्य असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं. म्हशीच्या पोटात पहिल्याच कप्प्यात जंतू ते बरंचसं फोडतात, म्हणून तिला चालून जातं. घोड्याचं आंबवण होतं ते लहान आतड्याच्या पुढं, मोठ्या आतड्यात; कॅल्शियम मात्र लहान आतड्यातच शोषलं जातं. म्हणजे धरलेलं कॅल्शियम सुटतं तेव्हा वेळ निघून गेलेली असते. त्यात वर गव्हाचा कोंडा पाटीभर घातला की झालंच, कारण कोंड्यात कॅल्शियमच्या आठ-दहा पट फॉस्फरस असतो. मग शरीर हाडातलं कॅल्शियम काढून वापरतं. घोडी वरून गुबगुबीत दिसते, पण आज या पायानं तर उद्या त्या पायानं लंगडते, पुढं तोंडाच्या दोन्ही बाजूंची हाडं फुगतात. रक्त तपासलं तर कॅल्शियम बहुतेक वेळा ठीकच येतं, त्यामुळं रिपोर्ट बघून निर्धास्त होऊ नका. उसाचं वाडं पोट भरण्यापुरतं. त्यात प्रथिनं फार कमी, आणि जाडं-कडक वाडं न चावता गिळलं की पोटात गोळा अडकून शूळ उठतो.

तेव्हा निदान दहा-बारा गुंठे मेथी घासाला (लसूणघासाला) काढा आणि शाळूचा कडबा वर्षाचा भरून ठेवा. घोडीचं वजन आधी काढा: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. घेर १६० आणि लांबी १५० आली तर वजन ३२३ किलोच्या आसपास. त्याच्या २ टक्के सुका भाग रोज पोटात गेला पाहिजे, त्यातला निदान तीन चतुर्थांश वैरणीतून. साधारण ३५० किलोच्या घोडीला ४ ते ५ किलो कडबा, ८ ते १० किलो हिरवा मेथी घास आणि दीड किलो चंदी (दाण्याचा खुराक) पुरते. चंदीत निम्मा जव किंवा ओट, पाव भाग भिजवलेला हरभरा, बाकीत सोयापेंड आणि कोंडा, पण कोंडा दहा टक्क्यांच्या वर नको. मीठ ३० ग्रॅम, घोड्यांचं मिनरल मिक्स्चर पाकिटावर लिहिलंय तेवढं. चंदी दोन-तीन वेळा विभागून द्या आणि आधी वैरण, मग तोबरा. नुसती चंदी वाढवून हाड बनत नाही.

दोन गोष्टींना सक्त मनाई. बुरशी धरलेला मका, मग तो दाणा असो की कणसासकट चारा: त्यातल्या विषानं घोड्याचा मेंदू मऊ पडून तो दोन-तीन दिवसांत जाऊ शकतो, आणि त्याला औषध नाही. पावसाळ्यात साठवलेला मका म्हणूनच टाळायचा. दुसरं म्हणजे गाई-म्हशींचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य. त्यात कधीकधी मोनेन्सिन नावाचं औषध असतं. म्हशीला ते फायद्याचं, घोड्याच्या हृदयाला मात्र विष. तुमच्या घरी दोन्ही जनावरं राहणार, तेव्हा पोती वेगळ्या खोलीत ठेवा आणि घमेलीही वेगळी ठेवा.

आता महिने. घोडी सरासरी ३४० दिवस गाभण असते, १० ते १५ दिवस इकडं-तिकडं सहज होतात. सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला, म्हणजे डिसेंबरच्या आसपास. फेब्रुवारीच्या सुरुवातीला घोडा लावून भरवलेली घोडी जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात व्यायते. ते शिंगरू पहिल्या यात्रेला अकरा महिन्यांचं, दुसऱ्या यात्रेला तेवीस महिन्यांचं, दोन्ही वेळा अदंत, म्हणजे कायमचा दात न आलेल्यांच्या गटात. कायमचे पुढचे दात अडीच वर्षांच्या सुमारास येतात, त्यामुळं तिसऱ्या यात्रेला ते दुदंत (दोन कायमचे दात आलेल्यांच्या) गटात जातं. सप्टेंबरात जन्मलेलं शिंगरू त्याच अदंत गटात पंधरा महिन्यांचं असताना तेवीस महिन्यांच्या शिंगरासमोर उभं राहतं. रक्त कितीही चांगलं असलं तरी उंचीत मार खातं. शिवाय जानेवारीचं शिंगरू आपला पाऊस सुरू होईपर्यंत पाच महिन्यांचं झालेलं असतं. चिखलात जन्मलेल्या शिंगराची नाळ पिकायला वेळ लागत नाही.

जानेवारी-फेब्रुवारीत काही घोड्या नीट माजावर येत नाहीत, कारण दिवस लहान असतो. डिसेंबरच्या सुरुवातीपासून पागेत संध्याकाळी दिवा लावून उजेड १५-१६ तासांवर न्या. दोन-अडीच महिन्यांत फरक पडतो, म्हणून हे उशिरा सुरू करून उपयोग नाही. माजाचं चक्र २१ दिवसांचं, माज पाच ते सात दिवस, आणि बीज सुटतं ते माज संपायच्या आधीच्या एक-दोन दिवसांत. म्हणून पहिल्या दिवशी एकदा लावून घरी नेलेली घोडी रिकामी राहते. दिवसाआड लावा, ती घोड्याला नाकारेपर्यंत. चौदाव्या ते सोळाव्या दिवशी सोनोग्राफी कराच. जुळं असेल तर एक गर्भ याच मुदतीत डॉक्टरांना दाबून काढता येतो. नंतर ते अवघड होतं, आणि घोडीत जुळं म्हणजे बहुतेक वेळा दोन्ही हातचे जाणं. व्यायल्यावर सात ते बारा दिवसांनी येणाऱ्या माजाला लोक हटकून भरवतात. वार (जार) वेळेत पडली असेल आणि गर्भाशय स्वच्छ असेल तर ठीक, नाहीतर तिसाव्या दिवसाच्या आसपासचा माज धरा. तारीख सरकत एप्रिल-मेवर गेली की एक वर्ष घोडी मोकळी ठेवावी. हे ऐकायला कुणाला आवडत नाही.

गाभण काळाच्या शेवटच्या तीन महिन्यांत चंदी हळूहळू अडीच किलोपर्यंत न्या, धनुर्वाताची लस व्यायच्या चार ते सहा आठवडे आधी. बारा बाय चौदा फुटांची खोली, खाली भाताचं पिंजर, बुरशीचा वास नसलेलं. सडांच्या टोकाला मेणासारखे थेंब दिसले की एक ते चार दिवसांत व्यायणार, आणि बहुधा रात्रीच. पाणमोट फुटल्यावर अर्ध्या तासात शिंगरू बाहेर आलं पाहिजे: आधी दोन पुढचे पाय, एक जरा मागं, त्यावर नाक. तळवे वर दिसले किंवा नुसतं नाक आलं तर डॉक्टर येईपर्यंत घोडीला चालवत राहा. पांढुरक्या पिशवीऐवजी लाल मखमली पिशवी आधी दिसली तर मात्र डॉक्टरची वाट बघायची नाही. वार आधीच सुटलीय, आत प्राणवायू बंद झालाय. पिशवी लगेच फाडा आणि शिंगरू ओढून काढा. एरवी ओढाओढ करायची नाही.

तासाभरात शिंगरू उभं, दोन तासांत प्यायलं, तीन तासांत वार पडली, असं झालं तर निवांत. वार तीन तासांपुढं राहिली तर डॉक्टर बोलवा, हातानं ओढू नका. घोडीला त्यातून खुरांत सूज येऊन ती कायमची निकामी होऊ शकते. चीक पहिल्या सहा तासांत पोटभर गेला पाहिजे, दिवस उलटला की आतडं ती प्रतिकारशक्ती आत घेणं बंद करतं. पहिली काळी लीद बारा तासांत पडायला हवी.

पुढं पाय. पहिल्या महिन्यापासून नालबंदाकडून दर चार-सहा आठवड्यांनी खूर घासून घ्या. खुराच्या वरच्या सांध्यातला वाकडेपणा दोन महिन्यांच्या आतच सरळ होतो, गुडघ्यातला साधारण सहा महिन्यांपर्यंत. अदंत शिंगरू दिसायला भरलेलं असावं म्हणून यात्रेच्या आधी तीन महिने हरभरा, गूळ, तूप ठासायची पद्धत आहे. त्यानं अंगावर चरबी येते, सांध्यांना सूज येते आणि शेवटी पाय जाड पण चाल आखूड. शिंगराला रोजची चंदी वयाच्या दर महिन्यामागं ३००-४०० ग्रॅम या हिशोबानं, पण सहाव्या महिन्यापर्यंत दोन किलोच्या आत. दूध तोडणं पाच-सहा महिन्यांना. तुमच्याकडं ते नेमकं पावसात येतं, तेव्हा दोन्ही शिंगरं जोडीनं तोडा, एकटं ठेवू नका. आणि दोन वर्षांच्या आत पाठीवर माणूस नको, नाचवणं तर अजिबात नको.

पागा नदीकाठच्या काळ्या रानात बांधू नका. २०१९ आणि २०२१ चे पूर आठवा. उंचावर, मुरुमावर बांधा, आणि म्हशींच्या गोठ्यापासून जितकी लांब जमेल तितकी. सर्रा हा रक्तातला रोग मोठ्या चावऱ्या माश्या पसरवतात, आणि म्हशीत तो कित्येकदा काही न दाखवता राहतो. पावसाळ्यात आणि नंतर घोडीला येऊन-जाऊन ताप, पोटाखाली सूज आणि खाऊनही खंगणं दिसलं तर आधी रक्त तपासा.

स्टॅलियन. त्याच्या नावापेक्षा त्याची दोन-तीन शिंगरं चालताना बघा. देवमन, भोवरे, पंचकल्याणी या शुभ-अशुभ मानलेल्या अंगावरच्या खुणा, हे सगळं किमतीला लागतं, चालीला लागत नाही. तुमच्या घोडीत जो दोष आहे तो त्याच्यात नसावा, एवढं बास.

शोसाठी शिंगराला पहिल्या आठवड्यापासून हाताची सवय, तिसऱ्या महिन्यापासून दोरीवर चालणं. चारी पायांवर चौकोनी उभं राहणं रोज पाच मिनिटं, नंतर दोन्ही बाजूंनी हातात धरून दुडकी. अंगाला तेल चोपडू नका, धूळ बसते. रोजचा खरारा पुरतो. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्त तपासणी सरकारी पशुवैद्यकाकडून यात्रेच्या महिनाभर आधी करून घ्या, नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात गेला तर वेळ लागतो. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित घोडा मारावाच लागतो, म्हणून दाखला नसलेल्या घोड्याशेजारी आपला बांधायचा नाही. इन्फ्लुएंझाच्या लसीचे दोन डोसही आधीच उरकलेले हवेत.

गाडीत डोकं वर करून आखूड बांधलं की नाका-घशातली घाण खाली पडत नाही, फुप्फुसात उतरते. दर चार-पाच तासांनी थांबून दोरी सैल करा, जमिनीवर ठेवलेली वैरण खाऊ द्या, पाणी पाजा. पोहोचल्यावर सकाळ-संध्याकाळ ताप मोजा, १०१.५ फॅरनहाइटच्या वर गेला तर रिंगणात न्यायचं नाही.