त्याच्या कामाचा हिशोब पुन्हा मांड

प्रिय,

तुझ्या हाताखालच्या त्या कामात तरबेज, पण इतरांना टाकून बोलणाऱ्या माणसाबद्दलचं तुझं पत्र दोनदा वाचलं. 'त्याला काढलं तर काम अडेल, ठेवलं तर माणसं जातील' हे तुझं वाक्य माझ्या फार ओळखीचं आहे. अशाच एकाला मी दीड वर्ष सांभाळून घेतलं. 'स्वभावच आहे त्याचा' असं इतरांना समजावत राहिलो. तेवढ्यात दोन चांगली माणसं सोडून गेली. दोघांनीही राजीनाम्यात 'वैयक्तिक कारण' लिहिलं आणि मी ते खरं मानलं. ते अजून टोचतं.

त्याच्या नावावर किती काम निघतं ते तुला दिसतं. पण त्याच्या धाकाने कुणी शंका विचारली नाही आणि चूक महिन्याने उघडी पडली, ती कुणाच्या नावावर? त्याच्याशी बोलावं लागू नये म्हणून लोक वळसे घालतात, ते तास कुठे धरलेस? मायकेल हाउसमन आणि डिलन मायनर या संशोधकांनी 11 कंपन्यांतल्या 50,000 हून अधिक कर्मचाऱ्यांची माहिती तपासून 2015 मध्ये शोधनिबंध लिहिला. असे लोक कामाला इतरांपेक्षा झपाट्याचे असतात, हे त्यांनाही आढळलं. तरी अव्वल एक टक्क्यातला माणूस मिळवण्यापेक्षा असा एक माणूस टाळण्यात दुपटीहून जास्त फायदा आहे, असा त्यांचा हिशोब निघाला. त्यांनी 'असे' म्हणून मोजलेले लोक गंभीर गैरवर्तनासाठी कामावरून काढलेले होते. तुझा माणूस तिथवर गेलेला नाही. म्हणून तर आत्ताच बोलायला हवं.

एकट्याशी, दार लावून बोल. 'तुझा स्वभाव वाईट आहे' म्हणालास तर तो वाद घालेल आणि जिंकेलही. घटना सांग: 'मंगळवारी तिचं बोलणं तोडून तू म्हणालास, एवढंही कळत नाही का. त्यानंतर ती बैठकभर गप्प होती.' मग थांब. तो विचारेल, 'पण माझं काही चुकलं का?' मुद्द्यात तो बहुधा बरोबरच असेल. ते मान्य कर आणि सांग, की मुद्दा पटवायला अपमानाची गरज नव्हती. घरी काही बिनसलंय का, भार जास्त झालाय का, हेही विचार. मात्र इतरांशी नीट वागणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे आणि बढतीच्या वेळी ते मोजलं जाईल, हे त्याच बैठकीत स्पष्ट होऊ दे. काय बदलायचं, कधीपर्यंत, ते लिहून दे. सहा आठवडे पुरेत.

जे फक्त त्यालाच येतं, ते आणखी कुणाला तरी शिकवायची व्यवस्था त्याआधीच सुरू कर. तो गेला तर काय, ही धास्ती पोटात घेऊन बोलायला बसशील तर त्याला ती लगेच कळेल.

बदलला तर मनापासून कौतुक कर. काहीजण खरंच बदलतात. त्यांना आजवर कुणी तोंडावर सांगितलेलंच नसतं. नाही बदलला, तर ठरलेल्या दिवशी निर्णय घे. मुदत वाढवू नकोस, मी दोनदा वाढवली होती.

आणि बैठकीत गप्प झालेली ती मुलगी. त्या दिवशी तिला काय सांगायचं होतं, ते याच आठवड्यात तिच्याकडे जाऊन विचार. तू त्याच्याबद्दल दोन पानं लिहिलीस, तिच्याबद्दल एकच ओळ.

तुझा,
काका