सेल बारीक होतात, पण त्रुटी जागची हलत नाही

खानापूरच्या मित्राने विचारलंय: बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीसाठी ओतकामाचा उष्णता-सोल्व्हर (तापमान काढणारा प्रोग्रॅम), त्यात हायरार्किकल बी-स्प्लाइन (तुकड्या-तुकड्यांची गुळगुळीत फंक्शनं, हवी तिथं बारीक करता येणारी), डिग्री २ (तुकडे वर्गापर्यंतच्या बहुपदींचे). धातू गोठतो त्या सीमेवरचे सुटे सेल (जाळीचे चौकोन) दर फेरीत फुटतात, पण अज्ञातांची संख्या तेवढीच आणि त्रुटी शेवटच्या आकड्यापर्यंत तीच.

अहो, सोल्व्हरला हात लावू नका, तो बरोबर आहे. सेल फुटला म्हणजे फंक्शन आलं असं नव्हे. माझे सगळ्यात जास्त दिवस इथंच गेले. सॉफ्टवेअरच्या ज्या मदतवाल्यांना विचारलं त्यांनी "मेश (जाळी) आणखी बारीक करा" एवढंच कळवलं, तेही दोनदा!

कुठली फंक्शनं धरायची याच्या क्राफ्टच्या नियमात (१९९७) बारीक फंक्शनचा सगळा सपोर्ट (ते शून्य नसतं तेवढा भाग) फोडलेल्या भागात मावला तरच ते धरतात, आणि मोठ्याचा सगळा सपोर्ट फुटला तरच ते जातं. डिग्री २ ला तो ३×३ बारीक सेलांचा. एक मोठा सेल फोडून मिळतात २×२. मावणार कुठं? २×२ मोठे सेल फोडा, ४ फंक्शनं येतील, जुनं एकही जाणार नाही. ३×३ फोडा, १६ येतील, १ जाईल. म्हणून फोडायला सेल मार्क करू (निवडू) नका, फंक्शन मार्क करा आणि त्याचा पूर्ण सपोर्ट फोडा. डिग्री ३ ला ४×४.

चौकोनाच्या कोपऱ्यावर टेस्ट केली असेल तर हे दिसणारच नाही बघा. तिथं नॉट (तुकडे जुळतात तो बिंदू) p+1 वेळा येतो (p म्हणजे डिग्री), सपोर्ट आखूड होतात, एक सेल फोडला तरी ४ येतात नि १ जातं. टेस्ट मधोमध घ्या. दर फेरीला फंक्शनांची संख्या छापा, सेलांची नको.

पुढचा खड्डा आत्ताच सांगतो. साध्या हायरार्किकल फंक्शनांची बेरीज १ येत नाही. कडेच्या सगळ्या गुणकांना (फंक्शनांना गुणणाऱ्या आकड्यांना) ३० अंश दिले, तर मोठ्या नि बारीक लेव्हलची फंक्शनं एकमेकांवर येतात तिथं तापमान ३० च्या वर जातं. २०१२ चं ट्रंकेशन (छाटणी) लावा: मोठं फंक्शन बारीक फंक्शनांत मांडा (डिग्री २ ला, कडेपासून दूर, एका दिशेत गुणक १/४, ३/४, ३/४, १/४; दोन दिशांत त्यांचे गुणाकार) आणि जी बारीक फंक्शनं आधीच धरलीत त्यांचे गुणक शून्य करा. गाउस बिंदू (इंटिग्रेशनसाठी किंमत काढायचे बिंदू) मात्र फुटून शेवटी उरलेल्या जाळीच्या सेलांवरच घ्या, प्रत्येक सेलात एका दिशेत ३.

टी-स्प्लाइनच्या (जाळीत रेषा मधेच थांबू देणारी दुसरी पद्धत) नादाला लागू नका, असं माझं मत. वाटेल तशी जाळी घेतली तर फंक्शनं परावलंबी (एक दुसऱ्यांच्या बेरजेतून मिळणारी) निघू शकतात. ॲनालिसिस-सुटेबल (काही बंधनं पाळणाऱ्या) जाळीत ते होत नाही, पण ती राखायचा कोड लांबतो. त्रिमितीत मी फारसं केलेलं नाही, तिथलं माझं धरून चालू नका.