ऑफिसच्या आयपी फोनवर रिंग वाजते, फोन उचलता येतो, पण समोरच्याचा आवाज येत नाही. दोष कुठे?

तुम्ही लिहिलंय की आमचा आवाज पलीकडे जातो, त्यांचा मात्र ऐकू येत नाही आणि प्रोव्हायडर 'लाइन ठीक आहे' म्हणतो. तो बहुधा खरंच सांगतोय. आयपी फोनमध्ये कॉल जोडण्याची बोलणी एका वाटेने होतात आणि आवाज दुसऱ्याच वाटेने जातो. रिंग वाजली यावरून फक्त पहिली वाट मोकळी आहे एवढंच कळतं.

बोलणी सिप (कॉल जोडण्या-तोडण्याचा प्रोटोकॉल) करतो, सहसा ५०६० पोर्टवरून. आवाज आरटीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलच्या पॅकेटांतून जातो, तेही वेगळ्या पोर्टवरून, जी.७११ कोडेक (आवाजाचं डिजिटल रूप करण्याची पद्धत) असेल तर साधारणपणे सेकंदाला ५० पॅकेटं. ही पॅकेटं कुठे पाठवायची ते बोलण्यांतच ठरतं, आणि तुमचं घोडं तिथेच अडलेलं दिसतंय.

फोन उचलला की तुमचा पीबीएक्स (ऑफिसचं टेलिफोन एक्सचेंज) '२०० ओके' असा निरोप धाडतो. त्यात एसडीपी नावाचा छोटा मजकूर असतो. त्यातली 'सी'ने सुरू होणारी ओळ सांगते, आवाज या पत्त्यावर पाठवा. राउटरमागे बसलेल्या पीबीएक्सला स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१० असा काहीतरी खाजगी, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपुरताच चालणारा, माहीत असतो, तोच तो लिहून देतो. राउटर पॅकेटवरचा पत्ता बदलतो, आतल्या मजकुराला सहसा हात लावत नाही. प्रोव्हायडर त्या खाजगी पत्त्यावर आवाज पाठवतो आणि तो वाटेतच गळतो. त्यांचा पत्ता पब्लिक असल्यामुळे तुमचा आवाज मात्र बिनबोभाट पोचतो. (काही प्रोव्हायडर एसडीपीकडे न बघता, तुमची पॅकेटं जिथून आली तिथेच उलट पाठवतात. म्हणून तेच सेटिंग एकाकडे चालतं, दुसऱ्याकडे नाही.)

अंदाजाने सेटिंग बदलत बसू नका. पीबीएक्सवर एका कॉलचं कॅप्चर (पॅकेटांची नोंद) घ्या, वायरशार्क या पॅकेटं वाचायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि ती ओळ वाचा. खाजगी पत्ता दिसला तर पीबीएक्सला ऑफिसचा पब्लिक आयपी आणि आतलं नेटवर्क कोणतं ते सांगा. ॲस्टरिस्क हे पीबीएक्स सॉफ्टवेअर असेल तर त्याच्या पीजेसिप या सिप सांभाळणाऱ्या भागात 'एक्स्टर्नल मीडिया ॲड्रेस' आणि 'लोकल नेट' त्यासाठीच आहेत. राउटरमधलं सिप एएलजी (सिपच्या आतल्या मजकुरातले पत्ते बदलू पाहणारी सोय) बंद करा, ते मदतीपेक्षा घोळच जास्त घालतं. पत्ता बरोबर निघाला तर फायरवॉलमध्ये आरटीपीची पोर्टं उघडी आहेत का बघा. ५०६० मात्र फक्त प्रोव्हायडरच्या आयपीसाठी उघडा, नाहीतर कोणीतरी तुमच्या खात्यावर परदेशी कॉल करून मोकळा होईल.

दोन वाटा वेगळ्या ठेवण्याला सबळ कारण आहे. अमेरिकेत पूर्वी ट्रंक (दोन एक्सचेंजमधली लाइन) मोकळी असल्याची खूण २६०० हर्ट्झच्या सुराने, आवाजाच्याच लाइनवर दिली जायची. लोक तोच सूर फोनमध्ये वाजवून फुकट लांबचे कॉल करू लागले. पुढे सिग्नलिंग वेगळ्या लिंकवर नेलं गेलं, आणि एसएस७ ही टेलिफोन जाळ्यांची सिग्नलिंग पद्धत त्याच रीतीने चालते.

येणारे काही कॉल उचलल्यावर ३२ सेकंदांनी तुटतात का, तेही बघा. तुटत असतील तर बिघाड बोलण्यांच्या वाटेतही आहे. तुमच्या '२०० ओके'ची पोच येत नाही आणि सिप ५०० मिलिसेकंदांच्या ६४ पट वाट बघून कॉल सोडतो. तेव्हा त्याच निरोपातली 'कॉन्टॅक्ट' ही ओळ तपासा. तिथे खाजगी पत्ता असेल तर 'एक्स्टर्नल सिग्नलिंग ॲड्रेस'ही भरा.