पोळं फ्रॅक्टल नाही हो, ताई

ताई, मुलाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मधमाशीचं पोळं, घाटावरच्या फरश्या आणि झेब्र्याचे पट्टे घेऊन 'निसर्गातील फ्रॅक्टल' असा फलक करतोय, असं तुम्ही लिहिलंय. वाचून पोटात गोळाच आला. हुबेहूब हाच फलक मी आमच्या पोरीकडून करून घेतला होता.

परीक्षकांनी एकच विचारलं, "पोळ्याच्या एका घरात डोकावलं तर आत आणखी छोटं पोळं दिसतं का?" पोरगी माझ्याकडे बघायला लागली, मी छताकडे. एकच घर शेजारी शेजारी मांडत गेलं की नुसती नक्षी होते. फ्रॅक्टलमध्ये तुकड्याच्या पोटात अख्ख्याचंच रूप लागतं. हे आधी कळलं असतं तर दोन रविवार आणि तेवढा थर्माकोल वाचला असता.

मंडईतून फ्लॉवरचा गड्डा आणा. एक तुरा मोडा, त्या तुऱ्याचा तुरा मोडा. काळ्या कागदावर ठेवून वेगवेगळे फोटो काढा, शेजारी पट्टी नको. मोठा कुठला, सांगता येत नाही. चार-पाच पायऱ्यांत हे संपतं, तेही फलकावर लिहा. न संपणारं फक्त गणितात असतं. नेच्याचं पान पण चालेल, पण राधानगरीच्या अभयारण्यातलं तोडू नका, फोटोच घ्या.

गणितासाठी कॉखचा हिमकण घ्या. कॉख या स्वीडिश गणितज्ञाची ही हिमकणासारखी आकृती 1904 सालची आहे. 'फ्रॅक्टल' हा शब्द मँडेलब्रॉट या गणितज्ञानं पुढं 1975 मध्ये काढला. सुरुवातीच्या समभुज त्रिकोणाची बाजू 27 सेंमीच ठेवा, आम्ही 20 घेऊन फसलो. प्रत्येक बाजूच्या मधल्या एक-तृतीयांश भागावर बाहेरच्या अंगाला छोटा समभुज त्रिकोण काढायचा आणि त्याचा पाया खोडायचा. पुढच्या फेरीत नव्या बाजूंवर परत तेच. बाजू 9, 3, 1 अशा सरळ येतात. परिमिती 81 वरून 108, 144, 192. कितीही फेऱ्या करा, परिमिती वाढतच जाते, पण क्षेत्रफळ मूळच्या 1.6 पटीच्या पुढं जात नाही. पोरांना हेच आवडतं, मितीचं (डायमेन्शनचं) सूत्र नको.

मी गुळाचा व्यापारी, मास्तर नव्हे, तेव्हा गणिताच्या सरांना एकदा दाखवून घ्या. आणि चौथ्या फेरीच्या नादी लागू नका, तिथं बाजू साडेतीन मिलिमीटरच्याही आत येते. आमच्या घरी त्यावरून दोन पेन्सिली मोडल्यात.