कॉलेजला सांगायचं की लपवायचं?

भांडुपहून लिहिणाऱ्या ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बारावी कॉमर्सला आहे. रेटिनाच्या आजारामुळे तिची नजर लहानपणापासून अधू आहे आणि ती आणखी कमी होऊ शकते असं डॉक्टरांनी सांगितलंय. अकरावीला प्रवेश घेताना ‘उद्या लग्नाच्या वेळी लोक बोलतील’ म्हणून तुम्ही कॉलेजात काही बोलला नाहीत. आता तिला लॉ करायचंय, आणि घरच्यांचं म्हणणं, मुकाट बी.कॉम. करून अपंगांच्या कोट्यातून बँकेत लागावं. तुमचे प्रश्न दोन आहेत: तिला वकिली झेपेल का, आणि पुढच्या कॉलेजात हे सांगायचं का.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच अडकलंय. सांगायचं. प्रवेशाच्या दिवशीच, आणि लेखी.

लपवण्याची किंमत ती रोज मोजतेय, ताई. फळा दिसत नाही म्हणून मैत्रिणीच्या वहीचे फोटो काढते आणि मोबाइलवर मोठे करून रात्री एक वाजेपर्यंत उतरवत बसते, हे तुम्हीच लिहिलंय. सहामाहीला अकाउंट्सचा शेवटचा प्रश्न येत असूनही राहिला, कारण आकडे वाचण्यातच वेळ गेला. तो पेपर तपासणाऱ्याला काय दिसलं असेल? अभ्यास न केलेली मुलगी. नजरेची अडचण लपवली की ती मुलीच्या हुशारीच्या नावावर जमा होते. हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

तिला जे मिळायला हवं, ती कुणाची मेहेरबानी नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालचा. पूर्वीच्या १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, या कायद्यात २१ आहेत आणि त्यात अंधत्वाबरोबर लो व्हिजन म्हणजे अधू दृष्टीही आहे. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थेने अपंगत्वामुळे भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि त्या विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करावी, असं तो सांगतो. अपंगत्वाच्या दाखल्यावर प्रमाण ४० टक्के किंवा जास्त असेल, तर सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ आणि गरज असेल तर रायटर, म्हणजे सांगितलेलं उत्तर लिहून देणारा माणूस, हे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. रायटर कोण चालेल याचे नियम परीक्षेगणिक वेगळे असतात आणि बदलतातही, म्हणून फॉर्म भरतानाच ते वाचा.

यासाठी आधी दाखला लागतो. यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या पोर्टलवर अर्ज करून सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात तपासणीला जायचं. एका फेरीत काम होईल असं समजू नका. बारावीच्या बोर्डाच्या सवलतींचा अर्ज आत्ताच्या कॉलेजमार्फत जातो, तेव्हा प्राचार्यांना याच आठवड्यात भेटा. जे काही मागाल ते कागदावर मागा आणि पोच घ्या. तोंडी दिलेलं ‘बघू’ परीक्षेच्या सकाळी उपयोगी पडत नाही.

‘अपंग’ हा शिक्का बसेल, असं तिचे बाबा म्हणतात. दिव्यांग म्हणायचं की अपंग, यावर या चळवळीतल्या माणसांचंही एकमत नाही. शब्द तिला निवडू दे. पण स्टेशनवर इंडिकेटर वाचता येत नाही म्हणून ‘ही फास्ट आहे का?’ असं विचारल्यावर ‘दिसत नाही का?’ हे ती आजही ऐकत असणार. शिक्का तर बसतोच आहे, फक्त त्याबरोबर येणारे हक्क तिला मिळत नाहीयेत.

आता वकिली. वीसेक वर्षांपूर्वी अशाच एका मुलाला मी कॉम्प्युटरपासून परावृत्त केलं होतं. ‘डोळ्यांना ताण, त्यापेक्षा आर्ट्स घे’ म्हणाले. त्याने पाच वर्षांनी तीच लाइन धरली आणि तो त्यात रमला. वाया गेलेली पाच वर्षं माझ्यामुळे गेली. तेव्हापासून ‘झेपेल का’ हा प्रश्न मी सोडून दिला. काय काय लागेल, एवढंच विचारते.

सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील एस. के. रुंगटा पूर्ण अंध आहेत. सरकारी नोकऱ्यांतलं अपंगांचं आरक्षण कसं मोजायचं, हा वाद त्यांनी नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडच्या बाजूने लढवला आणि २०१३ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की केवळ दिसत नाही म्हणून कुणाला न्यायाधीशपदाच्या भरतीतून वगळता येणार नाही. मध्य प्रदेशातला तसा नियमच रद्द झाला. म्हणजे तुमच्या मुलीला वकिलीच नव्हे, न्यायाधीशाची खुर्चीही बंद नाही.

अडचण कुठे येईल तेही सांगते. निकाल आणि कायदे आता टाइप केलेले मिळतात, ते कॉम्प्युटर वाचून दाखवतो. पण खालच्या कोर्टातले हस्ताक्षरातले जबाब, पुसट झेरॉक्स, तिरके मारलेले शिक्के यांवर कुठलंही सॉफ्टवेअर अडखळतं. तिथे वाचून दाखवणारा माणूस लागेल. कोर्टातच उभं राहायचं की ड्राफ्टिंग आणि संशोधनाकडे वळायचं, हे ती दोन वर्षं शिकल्यावर ठरवेल.

आज करायचं काम वेगळंच आहे. नजर आहे तोवर तिला कीबोर्डकडे न बघता टाइप करायला शिकवा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. स्क्रीन वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर फुकट आहे. एका अंध तरुणाने ते लिहायला घेतलं, म्हणून वापरणाऱ्याची गरज त्यात नीट ओळखलेली आहे. सुरुवातीला तो आवाज कंटाळवाणा वाटतो. महिनाभर रोज अर्धा तास ऐकला की कान तयार होतो, मग मुलं त्याचा वेग इतका वाढवतात की आपल्याला शब्दही कळत नाही. सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये दृष्टिबाधितांसाठीचं रिसोर्स सेंटर आहे, वरळीला नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) आहे. दोन्हीकडे तिला घेऊन जा, आणि पांढरी काठी घेऊन चालण्याच्या प्रशिक्षणाचीही चौकशी करा. काठी आत्ताच लागेल असं नाही, पण संध्याकाळी भांडुपच्या पुलावरच्या गर्दीत तिची तारांबळ होते असं तुम्हीच लिहिलंय.

बँक वाईट नाही. सरकारी आस्थापनांत ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का अंध आणि लो व्हिजन उमेदवारांसाठी आहे. तिला बँक हवी असेल तर जरूर. तिथल्या परीक्षेलाही हाच दाखला आणि हाच जादा वेळ लागणार आहे. पाच वर्षांच्या लॉची प्रवेश परीक्षा, सीईटी, बारावीवरच असते, तिचा फॉर्म मात्र यंदाच भरू द्या.

तुमच्या पत्राच्या तळाशी जाड काळ्या स्केचपेनने, ओळ सोडून वर चढलेल्या अक्षरांत दोन वाक्यं होती: ‘मला वकील व्हायचंय. आईला समजवा.’ तिला सांगा, तिचं उत्तर मी वेगळं पाठवतेय, २४ पॉइंटच्या ठळक टाइपात. ते तिलाच वाचू द्या.