विठ्ठलाने नेमकं कोणाचं ऐकायचं?

प्रश्न: माझं सासर निफाडला, द्राक्षबाग आहे, माहेर मंगळवेढ्याला, तिकडे ज्वारी. ऑक्टोबरमध्ये सासूबाई म्हणतात विठ्ठला पाऊस नको आणि आई त्याच विठ्ठलाला म्हणते एक तरी चांगला पाऊस दे. मग देव कोणाचं ऐकणार?

उत्तर: ताई, तुमच्या दोन घरांत अंतर भरपूर आहे त्यामुळे देवाला इथे तरी पळवाट आहे, तिकडे पाडायचा इकडे नाही! खरी पंचाईत बांधाला बांध लागून असला की होते, छाटणीनंतर पाऊस झाला की बागेत डाऊनी हा बुरशीचा रोग येतो आणि शेजारच्या ज्वारीला तोच पाऊस हवा असतो.

महाभारतात बघा ना, दुर्योधन आणि अर्जुन दोघंही कृष्णाकडे मदत मागायला गेले आणि त्याने दोघांनाही दिली, एकाला नारायणी सेना अन् दुसऱ्याला स्वतः, तेही शस्त्र न धरता. दोघंही खूश होऊन परतले. पण जिंकायचं दोघांनाही होतं, ते काय दोघांना मिळणार नव्हतं.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिथले अध्यक्ष लिंकन ४ मार्च १८६५ च्या भाषणात हेच बोलले, की दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच देवाला एकमेकांविरुद्ध साकडं घालतात, दोघांचं ऐकणं शक्य नव्हतं आणि पूर्ण तर कोणाचंच ऐकलं गेलं नाही. मला हे जास्त पटतं, कारण युद्ध चालू असतानाही त्यांनी देव आमच्याच बाजूचा असं ठोकून दिलं नाही.

सासूबाईंना सांगा, नवस चालू दे पण फवारणी चुकवू नका.